मूठभर चवळी

त्या चिठ्ठीवर नुसते नकार होते. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, दूध-लोणी-चीज नको, मध नको. टेबल नंबर 214, माणसं दोन, दहा रात्री. काय हवं, याबद्दल एक शब्दही नव्हता. मी ती चिठ्ठी माझ्या स्टेशनवरच्या स्टीलच्या पट्टीत अडकवली आणि फरसबीच्या ट्रेकडे वळलो.

2013 सालचा डिसेंबर होता. क्रूझवरचं माझं दुसरं कॉन्ट्रॅक्ट. पहिलं कॉन्ट्रॅक्ट कॉमी म्हणून भाज्या सोलण्यात आणि चिरण्यात गेलं. आता डेमी शेफ होऊन भाज्यांचं स्टेशन माझ्याकडे आलं होतं. फोर्ट लॉडरडेलहून निघून अरुबा, कुरासावकडे जाणारी दहा रात्रींची फेरी. वर तीन हजारांच्या आसपास पाहुणे, खाली आम्ही अकराशे. मुख्य डायनिंग रूममध्ये रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती, एक सहाला आणि दुसरी सव्वाआठला. प्रत्येक पंगतीला हजारभर ताटं तासा-दीड तासात बाहेर जातात. अशा वेळी कुणाचंही लक्ष एका ताटावर थांबत नाही, सगळ्यांचे डोळे रांगेवर असतात.

214 नंबरसाठी मी स्टीम ओव्हनमधून ब्रोकोली, गाजर, फ्लॉवर आणि उकडलेला बटाटा काढला, लिंबाची फोड ठेवली आणि ताट पुढे सरकवलं. इतरांच्या भाज्या आम्ही वाफवून मग लोण्यात परतायचो. यांच्या नाही परतल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त बटाट्याऐवजी भात. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. चिठ्ठीत जे नको होतं ते काढलं होतं आणि उरलेलं दिलं होतं, एवढंच.

तिसऱ्या रात्री असिस्टंट वेटर ताट परत घेऊन आला. बालीचा मुलगा, मितभाषी. गाजरं तशीच रांगेत पडलेली. तो म्हणाला, “शेफ, ते तक्रार करत नाहीत. फक्त ब्रेड पुन्हा मागतात.”

मी विचारलं, कुठला ब्रेड? त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पंगत संपल्यावर मी बेकरीत गेलो आणि तिथल्या फिलिपिनो बेकरला विचारलं. बगेतमध्ये पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस. मऊ रोलमध्ये दूध पावडर, आणि भट्टीतून काढल्यावर वरून लोण्याचा ब्रश. ब्रिओशमध्ये अंडी. टोपलीत मात्र हे सगळे एकत्र जात होते. म्हणजे ज्या ब्रेडवर ती दोन माणसं तीन दिवस पोट भरत होती, त्यातलाही अर्धा त्यांना चालणारा नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. चार तासांनी नाश्त्याच्या ड्युटीवर उभं राहायचं होतं, तरी नाही लागली. मी बंकवर पडून आमचा सगळा मेनू डोळ्यांसमोरून घातला, आणि एकेका पदार्थात काय काय दडलंय हे आठवत गेलो. भाज्यांचं सूप म्हणून जे जातं त्याचा पाया चिकन स्टॉकचा. पुलाव भातालाही तोच स्टॉक. रिसोतोत शेवटी लोणी आणि परमेजान. ताज्या पास्त्यात अंडं. डब्यातला कोरडा पास्ता मात्र बहुतेक वेळा नुसत्या गव्हाचा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे, वूस्टरशर सॉसमध्येही तेच. थाई करीच्या तयार पेस्टमध्ये वाटलेली कोळंबी. मशरूमच्या परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस. व्हेजी बर्गरची टिक्की बांधायला अंड्याचा पांढरा भाग. फ्रेंच फ्राइज ज्या तेलात उतरतात त्याच तेलात आधी कोळंबी उतरलेली. फळांच्या जेलीत जिलेटिन. सॉर्बे चालेल, पण दिसायला तसंच असलेलं शर्बट नाही, त्यात दूध. मी हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, गोव्याच्या हॉटेलांत तीन वर्षं काढलेला माणूस. हे सगळं मला ठाऊक होतं, पण असं एका ओळीत मी ते कधी मांडून पाहिलं नव्हतं.

सकाळी सू शेफना सांगितलं. ते म्हणाले, “इंडियन व्हेज दे ना. तुमचा रोजचा पदार्थ असतोच.”

हे खरं होतं. रोज रात्री मेनूत एक भारतीय शाकाहारी पदार्थ असायचा. अमेरिकेहून सुटणाऱ्या जहाजांवरही आता भारतीय पाहुणे इतके असतात, की तो ठेवावाच लागतो. पण या ‘इंडियन व्हेज’ नावाने गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, फार घोटाळा होतो. परदेशी शेफांच्या डोक्यात एकच खण असतो: मांस न खाणारे. त्या एका खणात गुजराती कुटुंब जातं, जैन आजोबा जातात आणि व्हीगनही जातात. जैन पाहुण्याला कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको, पण तूप आणि दही हवं. व्हीगनला कांदा-लसूण-बटाटा सगळं चालतं, पण तूप आणि दही नको. एकाचं ताट दुसऱ्याला दिलं तर दोघेही उपाशी. आणि आमच्या पनीर माखनी, मलाई कोफ्ता, दही घातलेला नान यांचं तर बोलायलाच नको.

हे मी सू शेफना समजावून सांगितलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, की आज डाळ तडका आहे, तेलात करतो, ती चालेल. डाळ मी स्वतः केली. तेलात कांदा, टोमॅटो, आलं, हळद. लोणी नाही, साय नाही. वेटरला सांगितलं, “व्हीगन. मी केलीय.” त्या रात्री 214 वरून ताट रिकामं आलं, भातासकट. मला फार बरं वाटलं.

दुसरी पंगत संपत आली तेव्हा मी पासच्या बाजूला, म्हणजे ताटं वेटरच्या हाती जातात तिथे, गेलो आणि तिथे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेला छोटा डबा पाहिला. जिरं-मिरचीची फोडणी. ती ताटात शेवटी वरून घालतात; ते काम माझं नव्हतं, भारतीय सेक्शनच्या मुलाचं होतं. मी डब्यात चमचा घातला आणि नाकाजवळ नेला. तूप.

चूक त्या मुलाची नव्हती. चूक माझी होती, आणि ती नुसत्या विचारण्याच्या आळसाची नव्हती. आमच्या वेंगुर्ल्याकडे मासे-मटणाशिवायच्या जेवणाला ‘शिवराक’ म्हणतात. सोमवारी शिवराक, एकादशीला शिवराक, चतुर्थीला शिवराक. लहानपणापासून या शब्दाने माझ्या डोक्यात एक भिंत बांधली होती: भिंतीच्या एका बाजूला मासे, मटण, अंडी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. तूप, ताक, दही ही नेहमीच या बाजूची. नैवेद्याच्या पानावर वाढतात ती. तूप मला दिसलंच नाही, कारण तूप हा प्राण्यापासून आलेला पदार्थ आहे, असं माझ्या डोळ्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. अमेरिकन आचाऱ्याला लोण्यात ते दिसतं. मला माझ्याच घरच्या वस्तूत दिसलं नाही.

ताट रिकामं आलं होतं. कुणालाही काही कळलं नसतं. पण गॅलीत येऊन बघता येत नाही म्हणून जो माणूस आपल्या शब्दावर घास घेतो, त्याला खोटं खाऊ घालून गप्प बसणं मला जमेना. मी सू शेफना सांगितलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, स्वच्छ कोट घाल आणि डायनिंग रूमच्या प्रमुखासोबत, मेत्र दीसोबत, वर जा.

भाज्यांच्या स्टेशनवरचा माणूस डायनिंग रूममध्ये सहसा जात नाही. मी पहिल्यांदाच तिथलं झुंबर खालून पाहिलं. टेबलावर साठी ओलांडलेलं एक अमेरिकन जोडपं कॉफी घेत बसलं होतं, काळी. मी सांगितलं: डाळ मी केली, मी तुम्हाला ती व्हीगन असल्याचा शब्द दिला, आणि तिच्यावर तूप होतं. माफी मागितली.

त्या गृहस्थांनी मान हलवली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली, आजच्या तारखेचं पान उघडलं, तिथे लिहिलेल्या ‘डाल’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वही माझ्याकडे वळवली. रागाने नाही. मी पाहावी म्हणून.

तारीखवार जेवणं लिहिलेली होती, याच नाही तर आधीच्या तीन-चार सफरींचीही. मी मागची पानं चाळली. भात, फरसबी, फळं. उकडलेला बटाटा, फळं. सॅलड, ड्रेसिंगशिवाय. भात, गाजर, फळं. मधेच कुठे तरी एका दिवशी एखाद्या पदार्थापुढे चांदणी काढलेली. सगळ्या वहीत मिळून अशा चांदण्या फार तर सात-आठ. त्या म्हणाल्या, जिथे चांदणी आहे ते पदार्थ मी घरी करून बघते.

मी खाली आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. क्रू मेसमध्ये गेलो. आणि तिथे, रोजच्या त्याच काउंटरवर, पांढरा भात होता, साधं वरण होतं, कोबीची मोहरी घातलेली भाजी होती, फिलिपिनो मुलांसाठी लसूण घालून परतलेली पालेभाजी होती. जगातल्या पन्नासएक देशांची माणसं जिथे जेवतात त्या मेसमध्ये, रोज दोन वेळा, कसलाही गाजावाजा न करता त्या बाईंना चालणारं जेवण शिजत होतं. ते फक्त पाहुण्यांच्या डेकवर जात नव्हतं. इतके महिने मी तिथेच जेवत होतो आणि वर गाजरं पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या मालाच्या स्टोअरमध्ये प्रोव्हिजन मास्टरच्या मागे लागलो. जहाजावर काय आहे हे पाहूनच पुढचं ठरवावं लागतं. समुद्रात असताना दुकान नसतं. मुख्य बंदरात फेरी सुरू होण्याच्या दिवशी पॅलेटवरून जे चढलं तेवढंच. टोफू होता, पण थोडा, सुशीच्या सेक्शनसाठी राखलेला. नारळाच्या दुधाचे डबे मात्र भरपूर, बारमध्ये पिन्या कोलाडा लागतो म्हणून आणि थाई करीसाठी. बेकरीत सुकं किसलेलं खोबरं. काबुली चणे, मसूर, राजमा. आणि चवळीचं एक अख्खं पोतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे नववर्षाच्या दिवशी चवळी खाणं शुभ मानतात, त्यासाठी ती डिसेंबरात मागवलेली.

माझ्या केबिनमध्ये आईने दिलेली आमसुलं आणि तिरफळं होती. ती वापरता आली नाहीत. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याची तपासणी होते, शंभरपैकी गुण मिळतात आणि 85 किंवा त्याखाली आलं तर नापास. बाहेरून, कुणाच्या सामानातून आलेली वस्तू पाहुण्यांच्या अन्नात घालायची नाही, हा साधा आणि योग्य नियम आहे. मी आमसुलं कपाटातच ठेवली आणि चिंचेवर भागवलं.

चवळी रात्रभर भिजवली. कांदा आणि खोबरं टिल्टिंग पॅनमध्ये गडद बदामी होईपर्यंत भाजलं. आधुनिक जहाजांच्या गॅलीत उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर, त्यामुळे कांदा निखाऱ्यावर भाजल्याचा वास येत नाही. तो पॅनमध्येच जरा जास्त वेळ ठेवून आणावा लागतो. धणे, मिरी, लवंग, सुकी मिरची भाजून सगळ्याचं वाटप केलं. वरून नारळाचं दूध. घरी आम्ही याला नुसतं चवळीची उसळ म्हणतो, गोव्यात तोंडाक म्हणतात. सोबत भात आणि तांदळाच्या पिठाचे घावणे. घावण्यात पीठ, पाणी, मीठ. तव्याला तेलाचं बोट. दूध-लोणी त्यात कधी नव्हतंच.

आता मला यातलं एकच म्हणणं आग्रहाने मांडायचं आहे. व्हीगन पाहुण्याच्या ताटात जे जातं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ताटातून काहीतरी काढून उरलेलं असतं. स्टेक काढला, सॉस काढला, लोणी काढलं, उरल्या भाज्या. अशा ताटात चव आणायला काही शिल्लकच राहत नाही, कारण त्या पदार्थाची सगळी चव काढलेल्या वस्तूंवर उभी होती. वाटपाची उसळ तशी नाही. तिची चव खोबऱ्याच्या तेलकटपणावर आणि भाजण्यावर उभी आहे. तिच्यातून काही काढायचं नाही, काढण्यासारखं काही नाही. आमच्या किनाऱ्यावर नारळ दारात होता आणि आमच्या गावठी गाई पेलाभर दूध द्यायच्या, म्हणून आज्यांनी असं रांधलं. त्यांच्यापुढे तत्त्व नव्हतं, त्यांच्यापुढे परसू होतं. पण रांधणं पूर्ण होतं.

‘व्हीगन’ हा शब्दही काही फार जुना नाही. 1944 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली आणि ‘व्हेजिटेरियन’ शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून हे नाव केलं. दूध सोडलेल्या शाकाहाऱ्यांना तोवर स्वतःचं नावच नव्हतं. युद्ध चालू होतं, रेशनिंग होतं, आणि त्यात ही माणसं दूध-अंडी नाकारत होती. मला हे कळलं तेव्हा त्या वहीतली पानं पुन्हा आठवली.

पुढच्या कॉन्ट्रॅक्टांत चित्र बदलत गेलं. मेनूवर हिरव्या पानाची खूण आली, मग वेगळं कार्ड आलं. सोया आणि बदामाच्या दुधाची खोकी पॅलेटने चढू लागली. एकदा पेस्ट्री शेफ धावत माझ्याकडे आला: काबुली चण्यांचं पाणी फेकू नकोस, मला दे. त्याने ते घुसळलं आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस उभा राहिला. त्याच्यापासून मेरँग केलं. 2014 मध्ये जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच माणसाने ही युक्ती शोधली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत त्या पाण्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ नाव मिळालं. मी त्या फेसाकडे पाहत राहिलो. फेस आमच्याकडे कुणी काढला नव्हता, हे खरं. पण पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी जपून बाजूला काढायचं, त्याला ‘कट’ म्हणायचं आणि त्याची आमटी करायची, हे माझ्या आईने मला गॅली बघण्याच्या कितीतरी आधी शिकवलं होतं. डाळीच्या पाण्यात अंगचं काहीतरी असतं, हे तिला माहीत होतं.

हल्ली मुंबईहूनही क्रूझ सुटतात, आणि ओळखीचे लोक निघण्याआधी फोन करून विचारतात, आम्ही दूध सोडलंय, जहाजावर खायला मिळेल का? मिळेल. पण तुम्ही काय खाता हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि नुसतं ‘व्हीगन’ लिहून थांबू नका, तूप आणि दही हे दोन शब्द मुद्दाम लिहा. आपल्या माणसांना तिथेच चकवा बसतो. पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला गाठा. तो तुम्हाला उद्याचा मेनू आजच दाखवू शकतो. तुम्ही आज निवडलंत तर आम्हाला रात्री भिजवायला वेळ मिळतो. भिजवायला मिळालेल्या त्या रात्रीवरच पुढचं सगळं अवलंबून असतं. ऐन पंगतीत मागितलंत तर आचारी कितीही चांगला असला तरी तुम्हाला वाफवलेली गाजरंच मिळतील. बुफेवर पाटी वाचून भागत नाही. कशात शिजवलं ते विचारा. आणि उत्तर देणारा क्षणभर थांबून “विचारून सांगतो” म्हणाला, तर त्या माणसावर भरवसा ठेवा.

माझी आजी वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीने जायची, सडक नीट नव्हती त्या काळात. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत ती बोटीतलं काही तोंडात घालायची नाही. फडक्यात बांधलेले घावणे आणि खोबऱ्याची सुकी चटणी. हे सोवळं नव्हतं, मासे ती आनंदाने खायची. पण परक्या चुलीवर काय कशात शिजलंय हे कळत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी त्या परक्या चुलीपाशी नोकरी करतो.

त्या डिसेंबरातल्या फेरीच्या उरलेल्या रात्रींत चवळीनंतर मसुरीची आमटी झाली, ओव्हनच्या ग्रिलखाली काळवंडून घेतलेल्या वांग्याचं दही न घातलेलं भरीत झालं, नारळाच्या दुधातली तांदळाची खीर झाली. प्रत्येक वेळी मी फोडणीचा डबा स्वतः भरला आणि वर नावाची चिठ्ठी लावली. एका रात्री आमटी बिघडली, खाली लागली. त्या दिवशी मी कोरडा पास्ता आणि लसूण-टोमॅटो दिला आणि तसं कळवलं.

शेवटच्या बंदरात दुपारी बालीचा तो मुलगा वही घेऊन गॅलीच्या दाराशी आला. चवळीच्या पानावर चांदणी होती आणि खाली रिकामी जागा सोडलेली. बाईंना कृती हवी होती, दोन माणसांसाठी.

मला दोन माणसांचं माप येईना. माझ्या हाताला तीनशे ताटांची सवय. जहाज अजून बंदरातच होतं, हे बरं झालं. मी आईला फोन लावला. वेंगुर्ल्यात रात्र झाली होती. मी विचारलं, दोघांना चवळी किती घ्यायची?

“दोन मुठी घे रे झिला,” ती म्हणाली. “आणि खोबरा?”

“खोबरं किती?”

“दोगांका पुरात इतक्या.”

मी वहीत ते तसंच लिहिलं. आधी देवनागरीत ‘मूठ’, त्याच्याखाली रोमन अक्षरांत उच्चार आणि इंग्रजीत अर्थ. मग बाईंचा हात माझ्या आईच्या हाताएवढाच असेल का, हा विचार मनात आला, म्हणून पेन घेऊन पानाच्या कोपऱ्यात मिटलेल्या हाताचं एक लहान चित्र काढलं, आणि वही परत दिली.